एकाह-पारायणातील अडखळता वाचक

(मठाच्या वर्धापनदिनी सुरत येथे दिलेले व्याख्यान)

वयाने आणि अधिकाराने माझ्याहून थोर अशी अनेक मंडळी समोर बसलेली असता उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. एक व्यवहारातील प्रश्न आपणांपुढे ठेवतो आणि त्याचे मला सुचलेले उत्तर निवेदन करतो.

प्रश्न एकाह-पारायणाचा आहे. सप्ताह सात दिवसांचा, तसा एकाह एका दिवसाचा. एका अहोरात्रात संपूर्ण ज्ञानेश्वरी मोठ्याने, खंड न पाडता वाचावयाची, असा हा नेम. या वाचनास भक्तमंडळी येतात, तसे केवळ ग्रंथावर प्रेम करणारे वाचकही येतात. निवृत्त शिक्षक येतात, यंत्रमागावर काम करणारे येतात, शेजारचे गुजराती बंधूही ऐकावयास बसतात. अशा वाचनांत मी श्रोता म्हणून बसलो आहे, वाचक म्हणून बसलो आहे आणि वाचकांची यादी करण्याचे कामही केले आहे. यादी करताना दरवेळी एकच गोष्ट अडते. ज्यास अस्खलित वाचता येत नाही, त्यास वाचनाची पाळी द्यावी की न द्यावी?

हा प्रश्न किरकोळ नाही. या शहरात आपल्या समाजाचा मोठा भाग खानदेशातून पोटासाठी आला. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत त्यांची घरे झाली. आजी अहिराणी बोलते, वडील मराठी बोलतात आणि मुलगा शाळेत गुजराती शिकतो. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा येथे आहेत, परंतु सर्वच मुले तेथे जातात असे नाही. गुजराती शाळेतील मुलास हिंदीमुळे देवनागरी अक्षर ओळखता येते. पण मराठीतील 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार त्यास ठाऊक नसतात. त्यात ओवीची भाषा सातशे वर्षांपूर्वीची! तो अडखळतो, दोनदा अडखळला की लाजतो, आणि पुढच्या वर्षी चपला सांभाळण्याचे काम मागून घेतो.

त्यास पाळी देऊ नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. त्यांचे पहिले म्हणणे वेळेसंबंधी आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. चोवीस तासांनी भागल्या तर तासाला पावणेचारशे येतात; म्हणजे एका ओवीस दहा सेकंदही पुरते मिळत नाहीत. सराईत वाचकास एवढा वेळ पुरतो, पण त्यात सैलपणा मुळीच नाही.

शिवाय येथे अध्याय मोजून चालत नाही. पहिले नऊ अध्याय संपले म्हणजे निम्मे काम झाले असे नवख्यास वाटते. वस्तुतः तोवर एक तृतीयांश ओव्याही झालेल्या नसतात. अठरावा अध्याय एकटाच सुमारे अठराशे ओव्यांचा, म्हणजे पहिल्या सहा अध्यायांएवढा आहे. सकाळी सहाला आरंभ केला तर तो मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास सुरू होतो आणि जवळजवळ पाच तास चालतो. डोळे जेव्हा सर्वांत जड होतात, त्याच वेळी सर्वांत दीर्घ अध्याय समोर येतो. तेव्हा वेळेची चिंता करणारे खोटे बोलत नाहीत.

त्यांचे दुसरे म्हणणे शुद्धतेसंबंधी आहे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठक सहा सांगितले आहेत. गात सुटणारा, घाई करणारा, मान हालविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण कंठाचा, असे ते सहा होत. पाठशाळेत हे आम्ही मुलांस शिकवितो. स्वर चुकल्यामुळे वृत्रासुराचाच घात झाला, ही कथाही सांगतो. मग तोच न्याय येथे का लावू नये?

याचे उत्तर असे की, तो नियम सस्वर मंत्रपाठाचा आहे. ओवी हा मंत्र नव्हे. ती लोकांस समजावी म्हणून लोकांच्या भाषेत सांगितलेली आहे. त्या सहांच्या यादीकडेच पाहा. वेदपाठात पोथीत पाहून वाचणे हा दोष; पारायणात मात्र ज्यास अध्याय मुखोद्गत आहे त्यानेही दृष्टी पोथीवर ठेवावी, असा दंडक आहे, कारण ओवी गळता कामा नये. दोन्ही परंपरा आदरणीय आहेत, पण त्यांचे नियम एक नाहीत. आणि वेदपाठाचा नियम जरी लावावयाचा म्हटला, तरी घाई करणारा हा त्या यादीत दुसराच आहे! चोवीस तासांचा आकडा गाठण्यासाठी अर्धी अक्षरे गिळणारा जलद वाचक निर्दोष आणि प्रत्येक अक्षर चाचपडत उच्चारणारा मुलगा सदोष, असा निवाडा शिक्षाकारांच्या नावावर कसा देता येईल?

ग्रंथशुद्धीचा विचार करावयाचा तर नाथमहाराजांचे उदाहरण आपणांसमोर आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती मिळवून ग्रंथ शुद्ध केला. त्यांनी शुद्ध केला तो ग्रंथाचा पाठ. तो कोणी वाचावा, यास त्यांनी बंदी घातली नाही. पोथी शुद्ध असली पाहिजे. वाचक तिच्या सहवासात शुद्ध होत जाईल.

याहून मोठे कारण ग्रंथाच्या जन्मातच आहे. गीतेचे सातशे श्लोक संस्कृतात होते आणि ज्यांस संस्कृत येत नव्हते त्यांस ते बंद होते. ज्ञानदेवांनी नेवाशास ते द्वार उघडले. संस्कृत न येणाऱ्यांसाठी जो ग्रंथ सांगितला गेला, त्याच्या दाराशी आपण मराठी नीट न येणाऱ्यास अडवावे, हे त्या ग्रंथास शोभणारे नाही.

आता वेळेचा हिशेब पुन्हा एकदा करू, कारण केवळ भावनेवर एकाह चालत नाही. सर्व अध्यायांत पाचवा लहान, सुमारे एकशेऐंशी ओव्यांचा. बारावा भक्तियोगाचा, सुमारे अडीचशे ओव्यांचा. हे दोन अध्याय नवशिक्यांसाठी राखून ठेवावेत, आणि त्यांस दुप्पट वेळ लागेल असे धरून चालावे. पाचव्यास अर्धा तास अधिक, बाराव्यास चाळीस मिनिटे अधिक. एकूण सत्तर मिनिटे. पारायण दुसऱ्या दिवशी सहाऐवजी सव्वासातच्या आत पूर्ण होईल. एवढीच त्याची किंमत आहे.

योग असा की वेळाही जुळतात. पाचवा अध्याय सकाळी नऊच्या सुमारास येतो. रात्रपाळी संपवून आलेल्या कामगार बंधूंस घरी निजण्यापूर्वी दहा ओव्या वाचता येतील. बारावा दुपारी पावणेपाचच्या आसपास येतो. तोवर मुले शाळेतून सुटलेली असतात. सराईत वाचकांनी आपले बळ रात्रीच्या अठराव्या अध्यायासाठी राखावे; त्यांची खरी गरज तेथेच आहे.

पाळी बदलण्याची रीत तर आपणांस ठाऊकच आहे. पुढचा वाचक आधीच शेजारी येऊन बसतो, बोट ठेवून ओवी धरतो, शेवटच्या ओवीत दोघांचे आवाज मिळतात आणि मग पहिला थांबतो. यंत्रमागाच्या कारखान्यातही माणूस बदलतो, माग थांबत नाही. आपल्या कामगार बंधूंस हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. नवशिक्याच्या शेजारी एक जाणता वाचक सतत बसवावा, दोघांपुढे एकाच आवृत्तीच्या प्रती असाव्यात, आणि शब्द अडला तर त्याने हळूच तो पुरवावा. आवृत्त्यांत ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे असतात, म्हणून ही काळजी अवश्य घ्यावी.

अन्यत्रही दीर्घ वाचने होतात. शीख बांधव १४३० पृष्ठांच्या गुरु ग्रंथसाहिबाचा अखंड पाठ सुमारे अठ्ठेचाळीस तासांत पाठींच्या पाळ्या लावून करतात. स्पेनमध्ये माद्रिद येथे १९९७ पासून एप्रिल महिन्यात सर्व्हांतिसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचे अखंड वाचन होते, आणि सामान्य नागरिक रांगेत उभे राहून आपला भाग वाचतात. अमेरिकेत न्यू बेडफर्ड येथील संग्रहालयात 'मोबी डिक' ही कादंबरी सुमारे पंचवीस तासांत वाचतात. तेथेही प्रत्येकाच्या वाट्यास काही मिनिटे येतात. श्रद्धा निराळ्या, ग्रंथ निराळे. पण मोठा ग्रंथ अनेक कंठांत वाटून घ्यावा, ही बुद्धी सर्वत्र एकच दिसते.

आपल्या सुरतेसही हे नवे नाही. सतराव्या शतकातील गुजराती कवी प्रेमानंद आपली आख्याने लोकसमुदायापुढे सांगत असे. त्याच्या 'नळाख्याना'चा आरंभ सुरतेत झाला आणि समाप्ती नंदुरबारास झाली. म्हणजे सुरत आणि खानदेश यांमधील वाटेने गिरणी-कारखान्यांच्या कितीतरी आधी ग्रंथ चालत होता, आणि तोही ऐकणाऱ्यांच्या बळावर!

कोणी विचारतात, एका दिवसात वाचून समजते काय? समजण्यासाठी नित्यपाठ आहे, प्रवचन आहे. एकाहात ग्रंथाची संपूर्ण आकृती एकदम अनुभवास येते, आणि हा ग्रंथ आपणा सर्वांचा आहे हे कळते. तो सर्वांचा आहे असे म्हणावयाचे आणि यादीत तीच दहा नावे ठेवावयाची, हे जुळत नाही. ती दहा माणसे थकतील तेव्हा पोथी कोणाच्या हाती जाणार? ज्या मुलास आज आपण दहा ओव्या देऊ, तोच वीस वर्षांनी मध्यरात्री अठरावा अध्याय उचलील. न दिल्यास त्या वेळी आपणांजवळ पोथी असेल, दीप असेल, पण वाचक नसेल.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, पुढील एकाहाच्या यादीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एका अडखळत्या वाचकाचे नाव द्यावे. त्यास महिनाभर आधी त्याच्या ओव्या सांगाव्यात, आजीने त्या त्याजकडून म्हणवून घ्याव्यात. पाठशाळेतील आम्ही शिक्षक दर रविवारी त्यासाठी बसण्यास सिद्ध आहोत. सत्तर मिनिटे उशीर होईल. तेवढा वेळ आपण सर्वांनी आनंदाने बसावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.