सूची एक, मालकी कोणाची?



इंटरनेटवरील नावांचे मूळ एकच असावे काय, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वास्तविक तो सत्तेचाही प्रश्न आहे आणि म्हणूनच कार्यकर्त्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला नावे सोयीची. या दोहोंची सांगड घालणारी डोमेन नेम सिस्टिम १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. '.इन'ने संपणारे नाव कोणी शोधू लागला आणि उत्तर जवळपास नसले, की विचारणा मूळ सर्व्हरपर्यंत जाते. '.इन'ची नोंदवही कोठे आहे एवढेच तेथे कळते. पुढचा पत्ता ती नोंदवही सांगते. मुळाशी असलेली ही सूची चौदाशेहून थोड्या अधिक नावांची आहे. तिच्या प्रती बारा संस्थांमार्फत जगभर हजाराहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या आहेत. तेव्हा मूळ एक याचा अर्थ यंत्र एक असा नव्हे. सर्व प्रतींतील मजकूर एक, एवढाच त्याचा अर्थ.

हा मजकूर एक नसेल तर काय होईल? एकाच गटनंबराचे सातबारे दोन तलाठ्यांनी निरनिराळ्या नावांवर लिहिले तर जे होईल तेच. '.बिझ' हे नाव एका पर्यायी मुळाने आधीच वापरात आणले होते. २००१ साली अधिकृत सूची सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याच नावाची दुसरी नोंदवही सुरू करविली. साहजिकच, पत्र कोणाच्या हाती पडणार हे पाठविणाऱ्याचा संगणक कोणत्या मुळाला विचारतो यावर ठरू लागले. जेथे पत्त्याची खात्री नाही, तेथे संवादाचीही नाही.

तथापि सूची एक म्हटली की ती राखणारा कोण, हा प्रश्न आलाच. जानेवारी १९९८ मध्ये या व्यवस्थेचे एक शिल्पकार जॉन पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना सूची आपल्या संगणकावरून घेण्यास सांगितले. त्यांनी ते ऐकले. पण अमेरिकी सरकारने आक्षेप घेताच सर्व पूर्ववत झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयकॅन स्थापन झाली. तिच्या या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेख २०१६ साली संपली. परंतु पैशाचे वजन संपले नाही. '.अ‍ॅमेझॉन' हे नाव कंपनीला देण्यास ब्राझील, पेरू आदी देशांनी वर्षानुवर्षे हरकत घेतली. अखेर नाव कंपनीलाच मिळाले. नदी मागे राहिली, दुकान पुढे गेले.

यावर काही राज्यकर्ते स्वतंत्र मुळाचा उपाय सांगतात. रशियाने २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय नावव्यवस्थेची तरतूद केली. पण अशाने किल्ली दूरच्या राजधानीतून जवळच्या राजधानीत येते. नागरिकाच्या हाती काहीच येत नाही. उलट, कोणते नाव कोठे पोहोचावे आणि कोणते पोहोचूच नये, हे त्याचेच सरकार त्याच्या नकळत ठरवू शकते. मार्च २०२२ मध्ये '.रू' हे रशियाचे नाव सूचीतून काढावे, ही युक्रेनची मागणी आयकॅनने नाकारली. युक्रेनवरील आक्रमण निषेधार्ह होतेच. पण एका सरकारच्या मागणीवरून दुसऱ्या देशाचे नाव पुसण्याचा पायंडा पडता, तर प्रत्येक हुकूमशहाला वेगळ्या मुळाचे निमित्त मिळाले असते.

म्हणून सूचीची एकता राखावी आणि तिच्यावरील मक्तेदारीशी झगडावे, हाच मार्ग उरतो. तो अशक्य नाही. '.ऑर्ग'ची नोंदवही एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा बेत २०१९ साली झाला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी आवाज उठविला, आणि एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने संमती नाकारली. सूचीत कोणते नाव येणार, कोणते जाणार याचा निर्णय उघड्यावर व्हावा, गरीब देशांना आणि लहान भाषांना त्यात बरोबरीचे स्थान असावे, आणि एकट्या सरकारला वा कंपनीला कोणाचेही नाव खोडता येऊ नये. एवढ्या तीन मागण्यांवर जागतिक जनमत उभे करता येईल. गावाचे दप्तर एकच असावे; मात्र ते चावडीवर, सर्वांसमोर उघडले जावे.