बांधीतल्या दाण्याचा माग

मूलच्या भागात धान उभे असतानाच बांधीच्या ओलीत लाखोरी फेकतात, कुठे जवस. धान निघाले की बांधी पुन्हा हिरवी होते. हे दृश्य इतके ओळखीचे आहे की दोन्ही पिके इथलीच वाटतात. पण जवसाचा रानटी पूर्वज पश्चिम आशियात आणि भूमध्य समुद्राकाठी उगवतो. आपल्या झाडीपट्टीत कितीही हिंडा, तो सापडायचा नाही. लाखोरीचे माहेरही तिकडेच.

कोणती वनस्पती, कोणता प्राणी आपल्या पायांनी कुठवर पसरतो आणि कुठे थांबतो, याचा अभ्यास म्हणजे जीवभूगोल. पुरातत्त्वात त्याचा उपयोग असा की हद्दीबाहेर दाणा सापडला तर तो आणणारा हात शोधायचा. वारा जवस मूलपर्यंत आणत नाही.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. त्यात जव आणि मसूर पश्चिमेकडचे, तर कुळीथ आपल्या द्वीपकल्पातला. परका आणि घरचा दाणा एकाच चुलीवर शिजत होता.

मग पश्चिमेकडचे लोकही इथे येऊन राहिले का? इथे फार जपून बोलावे लागते. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या काळात ती भारतात आली. मूलच्या भाजीत ती पडते म्हणून अमेरिकेतली माणसे इथे वसली, असे कोणी म्हणेल का? बी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, लुगड्याच्या गाठीत बांधूनही जाते. तेव्हा इथले मूळचे कोण आणि उपरे कोण, या भांडणात दाण्याला साक्षीला उभे करू नये. माणूस कुठे वाढला हे विचारायचे तर त्याचे दात पाहावेत. बालपणीच्या अन्नपाण्यातले स्ट्रॉन्शियम दाताच्या कवचात राहते, आणि त्यावरून तो त्याच मातीत वाढला की दुसरीकडे, याचा अंदाज येतो.

विदर्भात लोहयुगातली शिळावर्तुळे पुष्कळ आहेत. शेत सपाट करताना धोंडे बांधावर जातात, राखेची काळी माती खाचरात पसरते. तीच माती पाण्यात घोळली असती तर कोळशाचे दाणे वर तरंगले असते, चाळणीत टिपता आले असते. पसरलेल्या मातीतला दाणा मिळाला, तरी तो कोणत्या थरातला हे मग कोणालाच सांगता येत नाही.