संगणक बंद पडला, पण हिशेब बुडालेला नाही

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन ही पंचसूत्री आपल्या तोंडपाठ आहे. पहिली चार सूत्रं पाळली आणि पाचवं सुटलं, तर बाकीच्या चारांना पुरावाच उरत नाही. आता बऱ्याच ग्रामसंघांत हे पाचवं सूत्र संगणकात जाऊन बसलंय. संगणक जुना, वीज येते-जाते, उन्हाळ्यात खोली तापते. मग एक दिवस बटण दाबलं तरी पडदा काळाच राहतो. आज त्याच दिवसाबद्दल बोलूया.

आमच्या भागातल्या एका ग्रामसंघात असंच झालं. बँकेची कर्जाची फाईल पुढच्या आठवड्यात द्यायची होती. गटांच्या परतफेडीचे तक्ते, ठरावांच्या प्रती, सदस्यांची माहिती, सगळं त्या संगणकात. तालुक्याच्या दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "मदरबोर्ड गेलाय. नवीन घ्या, जुन्यातलं विसरा." बायका घाबरल्या. एक मावशी म्हणाली, "माझे शेवटचे तीन हप्ते त्यातच लिहिलेत. आता मी ते फेडलेत हे कोण सांगणार?" प्रश्न यंत्राचा नव्हताच. एकमेकींवरच्या विश्वासाचा होता.

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट समजून घ्या. संगणक म्हणजे एकच वस्तू नाही. मदरबोर्ड, वीज देणारा पुरवठा, मेमरी हे सगळं काम करणारं यंत्र. आपला हिशेब साठवला जातो तो हार्ड डिस्कवर. घराचं छप्पर कोसळलं तरी आतली धान्याची कणगी शाबूत असू शकते ना? तसंच हे. मदरबोर्ड जळला म्हणून डिस्क जळाली असं नाही. त्यामुळे दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारायचा, "दादा, हार्ड डिस्क तपासली का? ती दुसऱ्या संगणकाला बाहेरून लावून बघा."

बाहेरून लावायची म्हणजे कशी? डिस्क बाहेर काढायची आणि यूएसबीच्या केसमध्ये किंवा यूएसबी जोडवायरीला लावायची. मग ती मोठ्या पेनड्राइव्हसारखी दुसऱ्या संगणकाला जोडता येते. काढण्याआधी विजेची वायर काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा. जोडवायर घेताना डिस्कचा प्रकार बघून घ्या. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते, ती बहुतेक वेळा यूएसबीच्या विजेवरच चालते. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची असते, तिला १२ व्होल्टची वेगळी वीज लागते. म्हणून तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर असलेलंच केस घ्यावं लागतं, नाहीतर डिस्क सुरूच होत नाही आणि आपण उगाच समजतो की ती मेली. खूप जुन्या डिस्कला रुंद, पट्टीसारखी वायर असते, तिला आयडीई म्हणतात. त्यानंतरच्यांना अरुंद साटा जोडणी असते. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीएवढी डिस्क असते, तिचं केस आणखी वेगळं. त्यामुळे सोपा उपाय म्हणजे डिस्कच सोबत नेऊन दाखवायची.

आता ती जोडली. इथून पुढे चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, पडद्यावर 'फॉरमॅट करायचं का?' किंवा 'इनिशियलाइझ करायचं का?' असं विचारलं, तर उत्तर 'नाही'. फॉरमॅट म्हणजे लिहिलेली पाटी पुसणं. घाईत 'हो' दाबलं तर चांगली डिस्कही रिकामी दिसायला लागते.

दोन, डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतला भाग घासत असेल तर प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. अशी डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच जायला हवी. तो खर्च मोठा असतो, म्हणून तो निर्णय बैठकीत घ्यायचा.

तीन, आवाज नसेल आणि डिस्क दिसली, तर आधी नक्कल करा. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात आपल्या नावाचा फोल्डर, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. आपल्या फायली बहुतेक इथेच असतात. दुसऱ्या संगणकावर हाच ड्राइव्ह डी, ई किंवा आणखी कुठल्या अक्षराने दिसेल, त्याने गोंधळू नका. 'परवानगी नाही' असा संदेश आला तर 'कंटिन्यू' दाबून बहुतेक वेळा आत जाता येतं.

चार, कुठलीही जुनी डिस्क जोडली की व्हायरस तपासणी करा, आणि तिच्यातली अनोळखी फाईल उघडू नका.

आता अनेकजणी विचारतात, "ताई, नक्कल कशाला? ती जुनी डिस्क बाहेरून लावून तिच्यावरूनच संगणक सुरू केला तर? आपलं जुनं सगळं जसंच्या तसं दिसेल." प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की कधी होतं, पण बऱ्याचदा होत नाही. का होत नाही तेही सांगते.

संगणकाचं बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. विंडोज कुठल्या डिस्कवरून उठवायचं, हे तो ठरवतो. त्याच्याकडे एक यादी असते, तिला बूट ऑर्डर म्हणतात. साधारणपणे यादीत आतली डिस्क पहिली असते. आपल्याला बाहेरची निवडायची असेल तर सुरू होतानाच एक कळ दाबावी लागते. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बऱ्याच संगणकांत एफ १२, एचपीत एस्केप किंवा एफ ९. मग यादी येते आणि त्यात यूएसबी डिस्क निवडता येते.

इथवर जमतं. पुढे अडतं ते विंडोजमुळे. नेहमीसारखं बसवलेलं विंडोज आतल्या डिस्कवरून उठण्यासाठी बनवलेलं असतं. यूएसबीवरून उठताना अर्ध्या वाटेत त्याला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होते आणि निळा पडदा येतो. त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हिशेब गेला असा नाही. सून पहाटे उठली, पण दुसऱ्याच घरात, चूल कुठे, काडेपेटी कुठे काही सापडेना, तशी त्या विंडोजची गत होते. डिस्क तशीच असते.

दुसरी अडचण अशी की जुनी डिस्क बायोसच्या पद्धतीने तयार केलेली असेल आणि नवा संगणक फक्त यूईएफआय पद्धत मानत असेल, तर डिस्क त्या यादीत येतच नाही. मग कोणीतरी सांगतं, सेटिंग बदला, सिक्युअर बूट बंद करा. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या उसन्या संगणकावर हे अजिबात करू नका. त्या संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सेटिंग बदलल्यावर तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती कोणाकडे नसेल, तर आपला हिशेब वाचवता वाचवता दुसऱ्याचा अडकायचा.

मग जुनं विंडोज उठवायचंच असेल तर? बाहेरून लावण्यापेक्षा तीच डिस्क दुसऱ्या संगणकाच्या आत, साटाच्या वायरीने बसवली तर जास्त आशा असते. विंडोज १० बऱ्याचदा नव्या मदरबोर्डशी जुळवून घेतं, विंडोज ७ मात्र अनेकदा अडतं. आणि संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना सहसा त्या जुन्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो. म्हणून हा कायमचा मार्ग नव्हे, तात्पुरती सोय.

याच्या उलटही होतं. यंत्र चांगलं, डिस्क चांगली, फक्त विंडोज बिघडलेलं. तेव्हा डिस्क काढायचीही गरज नाही. उबंटू किंवा लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करता येतो. ती यूएसबीवरून छान चालते. तिच्यातून आपल्या फायली उघडता येतात, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेता येतात. तिथे 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही. तुमच्या गावात संगणक शिकणारी एखादी मुलगी असेल तर ती हे करू शकेल.

टॅलीत हिशेब असेल तरी घाबरू नका. टॅलीच्या डेटा फोल्डरची नक्कल घेतली, तर त्याच किंवा त्यानंतरच्या आवृत्तीच्या टॅलीत तो दुसऱ्या संगणकावर उघडता येतो. म्हणजे तिथेही जुनं विंडोज उठवण्याचा हट्ट लागत नाही. क्रम लक्षात ठेवा, आधी नक्कल, मग प्रयोग. कारण जुनं विंडोज उठताना डिस्कवर स्वतः लिहितं, कधी तपासणी सुरू करतं, आणि दुखणाईत डिस्कला तेवढा ताणही सोसत नाही.

त्या ग्रामसंघाचं काय झालं, ते विचाराल. डिस्क दुसऱ्या दुकानात नेली. साडेतीन इंची होती, वेगळ्या विजेच्या केसमध्ये लावली आणि सगळे फोल्डर दिसले. अध्यक्षा आणि लिपिका दोघी दुकानात समोर बसून राहिल्या, नक्कल पूर्ण होईपर्यंत उठल्या नाहीत. मावशीचे तिन्ही हप्ते सापडले. बँकेची फाईल वेळेत गेली. जुनं विंडोज शेवटपर्यंत उठलं नाही, आणि कोणाचं काही अडलंही नाही.

त्या दोघी समोर का बसल्या, तेही महत्त्वाचं आहे. आपल्या डिस्कवर सदस्यांची आधार कार्डं असतात, पासबुकाच्या प्रती, फोटो, फोन नंबर असतात. डिस्क दुकानात सोडून घरी येऊ नका. संगणक भंगारात देताना डिस्क आधी काढून घ्या आणि ग्रामसंघाच्या कपाटात कुलुपात ठेवा. संगणक भंगारात जातो, पण त्या डिस्कवरची आपली नावं पुसलेली नसतात.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून दर महिन्याच्या बैठकीत एक काम वाढवा. हिशेब लिहून झाला की तो दोन ठिकाणी उतरवायचा. एक पेनड्राइव्ह अध्यक्षांकडे, दुसरा सचिवांकडे, दोन वेगळ्या घरांत. कार्यवृत्ताच्या वहीत एक ओळ लिहायची: आजची नक्कल कोणी घेतली, कधी घेतली. तीन महिन्यांतून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची, कारण उघडत नसलेली नक्कल काही कामाची नाही. आणि सदस्यांची हातातली पासबुकं संगणक आला म्हणून बंद करू नका. वीज नसली तरी ती वाचता येतात.

येत्या बैठकीत एवढं एकच विचारा, "आपला संगणक उद्या सकाळी सुरू झाला नाही, तर आपला हिशेब आणखी कुठे आहे?" उत्तर लगेच मिळालं तर छान. नाही मिळालं, तर त्याच बैठकीत पेनड्राइव्ह घ्यायचा ठराव करा.