चोरीचा बंदोबस्त की मक्तेदारीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चोरीचे समर्थन कोणीही विचारी माणूस करणार नाही. गीत रचणारा, चित्रीकरणाच्या जागी दिवे उचलणारा, पुस्तकाची मुद्रिते तपासणारा हे सारे श्रमिकच आहेत. त्यांच्या श्रमाचे मोल बुडता कामा नये, ही भूमिका समाजवाद्यांना नवी नाही. प्रश्न एवढाच आहे की, पायरसीविरोधी कायद्यांच्या नावाने जे मागितले जाते, ते या श्रमिकांसाठी मागितले जाते काय?

अमेरिकेत २०११ साली अशी दोन विधेयके आली. मे महिन्यात पॅट्रिक लेही यांनी सिनेटमध्ये ‘पिपा’ मांडले आणि ऑक्टोबरात लामार स्मिथ यांनी प्रतिनिधिगृहात ‘सोपा’. परदेशी संकेतस्थळांवरून होणारी चोरी थांबवणे हा उद्देश सांगण्यात आला. हॉलिवूडच्या चित्रसंस्था आणि संगीत कंपन्या त्यामागे उभ्या होत्या. ‘सोपा’च्या मूळ मसुद्यात तर हक्कदार कंपनीने नुसती नोटीस धाडली की, पैशांची देवघेव करणाऱ्या आणि जाहिराती पुरवणाऱ्या संस्थांनी पाच दिवसांत त्या स्थळाशी व्यवहार तोडावा, अशी तरतूद होती. हरकत घेण्याची सोय होती. पण ती घेणाऱ्या परदेशी चालकाने अमेरिकन न्यायालयाची हुकमत आधी मान्य करायची! म्हणजे फिर्यादीच्या एका कागदावर शिक्षा आधी आणि सुनावणी मागाहून. कामगाराला चौकशीविना कामावरून काढण्याविरुद्ध जी चळवळ लढली, तिला हा न्याय अपरिचित वाटू नये.

याविरुद्ध लोकमत खवळले. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास आपली पाने झाकून ठेवली आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयके बाजूला ठेवली गेली. त्याच महिन्यात पोलंडमधील तरुण ‘ॲक्टा’ या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध रस्त्यावर उतरले. ४ जुलै रोजी युरोपीय संसदेने तो करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

मात्र या विजयाने हुरळून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील विरोधकांत गूगलसारख्या बलाढ्य कंपन्याही होत्या आणि त्यांना स्वातंत्र्याइतकीच आपल्या नफ्याचीही काळजी होती. एका भांडवलाने दुसऱ्या भांडवलाला अडवले, म्हणून जनता मुक्त होत नाही.

भारतापुरते बोलायचे तर २०१२ हेच वर्ष बोलके आहे. मद्रास उच्च न्यायालयातून चित्रपट व्यावसायिकांनी अज्ञात व्यक्तींविरुद्ध मनाईहुकूम मिळवले. त्यांच्या आधारे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी व्हिमिओसारखी अख्खी स्थळेच बंद करून टाकली. मनाई नेमक्या पानांपुरतीच आहे, असा खुलासा न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. चोराच्या शोधात निघालेल्याने साऱ्या गावाच्या दारांना कुलुपे घालावीत, तसा हा प्रकार झाला.

त्याच वर्षी संसदेने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून चित्रगीतांचा मालक निर्माताच ठरत आला होता. या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नात समान वाटा मिळाला, आणि करारावर सही करूनही तो निर्मात्याला देऊन टाकता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ही बाजू हिरिरीने मांडली होती. कलावंतांची ही लढाई पायरसी करणाऱ्या पोरांशी नव्हती. ती निर्माते आणि संगीत कंपन्या यांच्याशी होती, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून यापुढे असा कोणताही कायदा पुढे आला की, कार्यकर्त्याने दोन गोष्टी विचाराव्यात. वसूल होणाऱ्या पैशातील किती हिस्सा निर्मिती करणाऱ्या हातांत पडणार? आणि ज्याचे दार बंद होणार, त्याचे म्हणणे आधी ऐकले जाणार काय? या दोन्हींची सरळ उत्तरे जो कायदा देत नाही, तो चोरीचा बंदोबस्त करीत नाही. तो मक्तेदारीला पहारेकरी पुरवतो, आणि त्या पहारेकऱ्याचा पगार जनतेच्या स्वातंत्र्यातून कापला जातो.