चित्रांच्या प्रती कशा घ्याव्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आजोळच्या देवघरात लक्ष्मीची किंवा सरस्वतीची जी रंगीत तसबीर असे, तिचे आपल्या घाटकोपराशी नाते आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप कारखाना काढला. तो काही काळ येथे घाटकोपरास होता, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावयाचा आणि एकच कागद त्या सर्व दगडांवरून छापून काढावयाचा, अशी ती रीत. कागद केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. म्हणून कारागीर डोळ्यांत तेल घालून काम करीत.

आज खिशातील मोबाइल क्षणात प्रत घेतो आणि आपण गाफील राहतो. माझ्या वडिलांनी आजीचे चित्र जलरंगात काढले होते. २००५ च्या आरंभी मी ते भिंतीवरच, काचेसकट, फ्लॅश लावून टिपले. त्याच वर्षी २६ जुलैच्या पुरात मूळ चित्राचा लगदा झाला. उरली ती माझी प्रत. तीत आजीच्या डाव्या डोळ्यावर पांढरा डाग आहे. दोष कॅमेऱ्याचा नव्हे, माझा.

तेव्हा प्रथम काच काढावी. मात्र रंग काचेस चिकटला असेल तर मुळीच ओढू नये. फ्लॅश बंद ठेवावा. दोन्ही बाजूंस एकाच जातीचे दोन दिवे, साधारण ४५ अंशांच्या कोनात लावावे. कॅमेरा तिवईवर बसवून चित्राच्या जागी आधी लहान आरसा ठेवावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचेच भिंग मधोमध दिसले की तो सरळ आहे असे समजावे. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा, म्हणजे पुढे रंग ताडून पाहता येतात. मोबाइल आपण होऊन रंग खुलवितो, ती सोय बंद करावी. जुन्या कागदाचा पिवळेपणा हाही, माझ्या मते, चित्राचाच भाग होय.

सुटी रेखाचित्रे स्कॅनरवर उत्तम उतरतात. कोळशाची व खडूची मात्र काचेवर दाबू नयेत. इंचास ३०० ठिपके घ्यावे, म्हणजे १० इंच रुंदीस ३००० होतात. मूळ प्रत टिफ स्वरूपात राखावी. जेपेग आप्तेष्टांना पाठविण्यापुरते. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही प्रत नव्हेच! एक संच परगावच्या नातलगाकडे ठेवावा. पाणी सर्व घरांत एकाच दिवशी शिरत नाही.

काच काढण्याची ज्यांस धास्ती वाटते, त्यांच्या घरी मी अवश्य येईन. चहा मात्र काम झाल्यावर, आणि दुसऱ्या खोलीत.