खेळाचा संगणक : काय घ्यावे आणि काय मागाहून बदलावे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे अशी आपली अपेक्षा असते. मी आज खेळावर बोलणार आहे, आणि तेही संगणकावरील खेळावर. समोर काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला दिसत आहेत. जे वाचक त्या दिवशी हजर नव्हते आणि आता ही स्मरणिका हाती घेऊन बसले आहेत, त्यांच्याही पडल्या असतील. पण थोडा वेळ धीर धरावा. हा विषय मुलांच्या हौसेचा वाटला तरी वस्तुतः तो आपल्या कष्टाच्या पैशाचा आहे.

आमच्या कशेडीत काय किंवा खाली पोलादपूर-महाडकडे काय, पुष्कळ घरांचा कर्ता माणूस मुंबईला किंवा आखातात असतो. मुलगा अकरावीत गेला की फोनवर मागणी होते : "अब्बा, गेमिंगचा पीसी पाहिजे." सोबत यूट्यूबवरून उतरवून घेतलेली यादी. त्या यादीतले एक अक्षर बापाला कळत नाही. मग एक तर तो साफ नाही म्हणतो, किंवा मुलाचे मन मोडवत नाही म्हणून सारी रक्कम पाठवून देतो. या दोन्हींच्या मधली वाट आहे, ती मी एकदा ठेच खाऊन शिकलो.

प्रथम हे समजून घ्यावे की संगणक ही अखंड वस्तू नाही. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला, तो इतरांकडून घेतलेल्या तयार भागांतून जोडलेला होता. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्याची रचना उघडी असल्यामुळे दुसरेही तसेच संगणक जोडू लागले, आणि सुटे भाग विकण्याचा एक मोठा धंदाच उभा राहिला. आपल्याकडे त्याचे ठिकाण म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असते, पण त्या नावाने विचारले तर रस्ता सांगणारा भेटणे कठीण. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि हे सारे ज्यात बसते ते कॅबिनेट, असे सात जिन्नस घेऊन घरच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हरने जोडता येतात. म्हणजे घर बांधताना जसे आज जोते आणि दोन खोल्या, माडी पुढच्या वर्षी, तसे येथे करता येते. अट एकच, जोते माडीचा भार घेईल असे पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगतो. २०२१ च्या जुलैत महाडला महापूर आला, वीज कित्येक दिवस नव्हती, शाळा तर त्याआधीपासूनच मोबाईलवर चाललेली. त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या मेहुण्यांनी सौदीहून साठ हजार रुपये पाठवले. ते तिकडे ट्रेलर चालवतात. आपाने पैसे माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "तू मास्तर आहेस, तुला कळतं. पोराबरोबर जा." मी बी.ए., बी.एड.; मला यातले काही कळत नव्हते. पण बहिणीसमोर तसे म्हणवेना.

भाच्याच्या यादीत सर्वांत वर होते भले मोठे ग्राफिक्स कार्ड. रात्रीच्या एसटीने मुंबई सेंट्रलला उतरलो आणि पायीच लॅमिंग्टन रोड गाठला. तेथे कळले की कार्डांचे भाव जवळजवळ दुप्पट चालले आहेत. जगभर चिपांची टंचाई होती, आणि शिवाय इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक एकेका खोलीत डझनावारी कार्डे लावून बसले होते. एका प्रौढ दुकानदाराने भाच्याला सरळ सांगितले, "बेटा, आज कार्ड घेऊ नकोस. चित्राची सोय आतच असलेला प्रोसेसर घे. कार्ड स्वस्त झालं की ये." नुकताच बाजारात आलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी त्याने दाखवला. हाती आलेले गिऱ्हाईक जो उद्या ये म्हणतो, त्याचे ऐकावे. आम्ही ऐकले. त्याला जोड म्हणून बी५५० जातीचा बरा मदरबोर्ड घेतला, आठ जीबीची एक रॅम आणि एक एसएसडी घेतली. येथपर्यंत सारे शहाणपणाचे झाले.

चूक पुढे झाली, आणि ती माझी. परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका दुकानात काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट दिसले. दुकानदार म्हणाला, एसएमपीएस फुकट. भाचा हळूच म्हणाला, "मामू, हा एसएमपीएस लोकल वाटतो." मी हिशेबी माणूस, अडीच हजार वाचतात म्हणून घेतले. २०२२ च्या जूनमध्ये पहिल्याच जोराच्या पावसात, घाटात विजा कडाडत असताना, वीज दोनदा गेली व आली आणि कॅबिनेटमधून जळका वास आला. एसएमपीएस गेला, आणि जाताना नऊ हजारांचा मदरबोर्ड सोबत घेऊन गेला. जळालेल्या बोर्डाला हमी लागू झाली नाही. तो फोन मेहुण्यांना मीच केला. ते म्हणाले, "होतं असं." त्यापेक्षा रागावले असते तर मला बरे वाटले असते.

म्हणून पालकहो, यादी हातात आली की वरून खाली वाचू नका. खालून वर वाचा. मुले एसएमपीएस शेवटच्या ओळीत लिहितात आणि उरलेल्या पैशात बसवतात. त्याचा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येतो. प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेले असते, पण भर कामात तो ९० पर्यंत घेतो असे धरा. रॅडिऑन आरएक्स ६६०० हे मध्यम प्रतीचे कार्ड १३२ वॉटचे. पंखे, एसएसडी, रॅम, बोर्ड यांचे ६० धरा. बेरीज २८२. याच्यासाठी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा होतो आणि पुढच्या वाढीलाही जागा राहते. "लोकल" मालावर ५०० छापलेले असले तरी तेवढे तो देईलच याचा भरवसा नसतो. यूपीएसचेही तसेच. खोक्यावर ६०० व्हीए असते, त्याचे वॉट बहुधा ३६० च्या आसपास भरतात. वरील बेरजेत पडद्याचे तीस मिळवले तर फारशी शिल्लक उरत नाही, म्हणून आम्ही १००० व्हीएचा घेतला.

आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो संगणकाचा गुण नव्हे. आमची जमीन कातळाची, कित्येक घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण तिसरी पिन कोठेच गेलेली नसते. वायरमनला बोलावून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्यावा व उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे. हा खर्च यूट्यूबवरच्या यादीत नसतो. विजांचा आवाज आला की प्लग काढून ठेवावा, हे तर फुकटच आहे.

आता बदलाविषयी. आपण सारे मुंबई-गोवा रस्त्याने येणारे-जाणारे. रस्ता रुंद झाला तरी पूर्वी कशेडी घाटात गाड्या अडायच्याच. पुढे-मागे कितीही चार पदर करा, वेळ घाटच ठरवायचा. २०२३ च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू खुली झाली आणि पाऊण तासाची वाट दहा मिनिटांवर आली. मग ध्यानात आले की खरा खोळंबा माणगावात आहे. संगणकाचे हुबेहूब असेच असते. प्रोसेसर, कार्ड, रॅम यांत एक कोणीतरी घाट असतो. तो सोडून दुसरीकडे पैसे घातले तर खेळ तेवढाच अडतो, आणि तो काढला की पुढचा दिसतो.

तो ओळखायचा कसा? खेळाची प्रतिमा सेकंदाला साठ वेळा बदलावी अशी इच्छा असेल, तर एक प्रतिमा तयार करायला संगणकाला सेकंदाचा साठावा भाग मिळतो, म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंद. त्यातले काही काम प्रोसेसरचे, काही कार्डाचे. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राची प्रत खाली उतरवून पाहावी. वेग वाढला तर कार्ड कमी पडत होते. वेग तेवढाच राहिला तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा रॅमचा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही कोण शंभर टक्के राबते आहे ते दिसते. पडद्याचाही विचार करावा. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. मोठा पडदा घेऊन कार्ड तेच ठेवणे म्हणजे एका शिक्षकावर चार वर्ग सोपवणे. (आमच्याकडे तेही चालते, पण असो.)

भाच्याच्या संगणकात पहिला घाट निघाला रॅमचा. ५६००जी चित्रासाठी मुख्य रॅमच वापरतो, आणि रॅमची स्टिक एकच असल्याने त्याची ये-जा अर्ध्या रस्त्यावरून चाले. आठ जीबीची तशीच दुसरी स्टिक लावली आणि डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडला. त्यावेळी हा सर्वांत स्वस्त बदल होता. आता तसे म्हणवत नाही, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या संगणक-केंद्रांनी मेमरीच्या चिपा उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. म्हणून यादी जुनी असेल तर भाव पुन्हा विचारावेत. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डे राबवण्याचा तो धंदा बंद पडला आणि भाव उतरले. त्यानंतर आम्ही आरएक्स ६६०० घेतले, नवेच. राबवलेली जुनी कार्डेही तेव्हा पुष्कळ विकायला आली होती. ती स्वस्त होती, पण दिवसरात्र तापलेल्या पंख्याची हमी कोण देणार?

हे सारे एकाच बोर्डावर झाले, हे ध्यानात घ्यावे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती कंपनी किती वर्षे चालवते हे आधी विचारावे. एएमडीची एएम४ खाच रायझनबरोबर २०१७ मध्ये सर्वत्र पोचली आणि २०२२ चे प्रोसेसरही जुन्या पुष्कळ बोर्डांवर, बायोस नवे करून, बसले. नंतरची एएम५ खाच २०२७ पर्यंत व पुढेही चालवू असे कंपनीने म्हटले आहे. इंटेलने मात्र २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशा खाचा आणल्या. त्यांचे प्रोसेसर वाईट असे मी म्हणत नाही. पण थोडे थोडे करून वाढवणाराने हा फरक पाहावा. तसेच डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ ची रॅम बसत नाही, तिची खाचच निराळ्या जागी असते. जोर करू नये.

आमच्या हवेचा एक शब्द. पावसाळ्यात दमटपणाने स्क्रू गंजतात, उबेला मुंग्या आणि पाली कॅबिनेटमध्ये शिरतात. मागच्या मोकळ्या पट्ट्या पत्र्याने बंद कराव्यात, संगणक रोज थोडा वेळ चालू ठेवावा आणि मे महिन्यात उघडून ब्रशने धूळ काढावी.

"पण सर, शेवटी हे खेळासाठीच ना?" असे एका पालकांनी मघाशी विचारले. होय. पैसे लावून खेळायचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले, ते उत्तमच. मी त्यांच्याविषयी बोलत नाही. पण "राजी" नावाचा संगणकावरील खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी तयार केला, तो २०२० मध्ये जगभर विकला गेला. खेळ तयार करणे हाही व्यवसाय आहे, आणि त्याला लागणारा संगणक याच जातीचा असतो. माझ्या भाच्याने खेळ तयार केलेला नाही. त्याने आमच्या शाळेतल्या खोलीत धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकांपैकी सहांना हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. पूर्वी ते सुरू होईपर्यंत हजेरी घेऊन व्हायची. आता हजेरी नंतर घ्यावी लागते. हे त्याला कोणी शिकवले नाही. बोर्ड जळाल्यानंतर त्याने एक वही केली होती : कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती रुपये, का घेतला. त्या वहीतूनच हे भाषण मी तयार केले आहे.

गेल्या मे महिन्यात मेहुणे सुट्टीवर आले. त्यांनी चष्मा लावून ती वही पहिल्या पानापासून वाचली. जून २०२२ च्या पानावर जरा थांबले, माझ्याकडे पाहिले आणि पान उलटले. मग भाच्याने त्यांना यूरो ट्रक सिम्युलेटर लावून दिला. वीस वर्षे ट्रेलर चालवलेला माणूस खुर्चीत नीट सावरून बसला, आरसे पाहिले, आणि पहिल्याच वळणावर म्हणाला, "ब्रेक असा लागत नाही." नंतर तासभर उठले नाहीत. आपाने जेवायला दोनदा हाक मारली. शेवटी मुलाकडे वळून विचारते झाले, "यात आपल्या कशेडीसारखा घाट कुठं आहे का?"

भाचा अजून शोधतो आहे.