पियानो जुळवणारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भजनाला पेटी धरते, त्यापलीकडे गाण्यातलं मला काही कळत नाही. तरी आज मी उभी राहिले, कारण वर्षभर तुम्ही मला जिन्यात, गिरणीत, भाजीच्या गाडीपाशी एकच विचारता आहात : "मुलानं कॉलेज सोडलं म्हणे? पियानो दुरुस्त करतो म्हणे?" एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगते.

हो, सोडलं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिला. मी आठ दिवस धड जेवले नाही आणि ह्यांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. मग एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तो एक इंग्रजी पुस्तक घेऊन ओट्यापाशी येऊन बसला आणि मराठीत सांगू लागला. असं पंधरा-वीस दिवस चाललं. केटी हॅफ्नर नावाच्या बाईंनी २००८ साली ते लिहिलं. त्यात कॅनडातला ग्लेन गूल्ड हा नामांकित वादक, त्याचा पियानो आणि तो पियानो जुळवणारा व्हर्न एडक्विस्ट, अशा तिघांची हकीकत आहे. वादकाचं नाव मी विसरले असते, पण जुळवणाऱ्याचं विसरणार नाही.

हा व्हर्न १९३१ साली सस्कॅचेवान प्रांतात जन्मला. उपजतच मोतीबिंदू, त्यामुळे दिसायचं ते अगदी अंधुक. लहान असतानाच त्याला आगगाडीनं दोन हजार किलोमीटरांहून लांब, ब्रँटफर्ड गावच्या अंधशाळेत पाठवलं. त्या आईचं काय झालं असेल! मी लाटणं बाजूला ठेवून डोळे पुसले. तिथं तो पियानो जुळवायला शिकला. अंधांना ही विद्या शिकवायची चाल जुनी. पॅरिसला क्लोद मोंताल नावाचा अंध माणूस होता, तो आपलं आपणच शिकला, दुसऱ्या अंधांना शिकवलं, आणि १८३६ साली त्यानं त्यावर पुस्तकही काढलं.

आता तुम्ही म्हणाल, जुळवायचं म्हणजे काय? तंबोऱ्याला चार तारा. पियानोच्या पट्ट्या ८८, आणि आत तारा सव्वादोनशेच्या वर, कारण बहुतेक सुरांना एकेकी तीन तारा. त्या सगळ्यांचा ताण मिळून पंधरा-वीस टन होतो. तो पेलायला आत बिडाची भक्कम चौकट असते. प्रत्येक तारेला एक खुंटी. ती किल्लीनं फिरवायची, पण फिरवायची म्हणजे किती? केसभर. दोन तारा अगदी एका सुरात नसल्या की आवाज हेलकावे खातो, वांव्‌ वांव्‌ असा. जुळत आल्या की हेलकावे लांबत जातात आणि मग थांबतात. ते ऐकणं, हीच सगळी विद्या. शिवाय गंमत अशी की पियानोतला पंचम तंबोऱ्यासारखा शुद्ध लावून चालत नाही, किंचित उतरता ठेवावा लागतो. नाहीतर एका पट्टीत गोड वाजेल तो दुसरीत बेसूर. बारा सुरांनी आपसांत थोडंथोडं सोसायचं. एकत्र कुटुंबात नांदलेल्यांना हे निराळं सांगायला नको. आपल्या पेटीतही बहुधा हीच तडजोड असते, हे मला इतकी वर्षं पेटी वाजवून ठाऊक नव्हतं!

शाळा संपल्यावर व्हर्न टोरोंटोला हाइन्ट्झमन यांच्या पियानोच्या कारखान्यात लागला. पहिलं काम अगदी खालचं. नव्या पियानोला अजून पट्ट्या जोडलेल्या नसत, तेव्हा तारा छेडून कच्च्या सुरात आणायच्या. नवी तार सैल पडते, पुन्हा ओढायची, पुन्हा पडते. असं करूनच कान तयार होतो. आता सूर दाखवणारी यंत्रं मोबाइलवरसुद्धा मिळतात, पण खुंटीवरचा हात यंत्र देत नाही, असं आमचा मुलगा म्हणतो. आणि सूर लावणं हा एक भाग झाला. पट्टीमागचे सांधे नीट चालवायचे, तारांवर आपटणाऱ्या लोकरीच्या हातोड्या सुईनं टोचून मऊ करायच्या म्हणजे आवाज कर्कश येत नाही, हे सगळं येईल तेव्हा तो पुरा कारागीर.

मला सर्वांत आवडली ती ह्या दोघांच्या पहिल्या भेटीची गोष्ट. व्हर्न तेव्हा ईटन यांच्या मोठ्या दुकानाच्या नोकरीत होता. गूल्डच्या घरचा जुना पियानो जुळवायला त्याला पाठवलं. त्यानं पाहिलं, खुंट्या सैल, आज लावलेला सूर उद्या टिकायचा नाही. एवढ्या बड्या माणसाला त्यानं सरळ सांगितलं, मी हा जुळवणार नाही. नोकरी धोक्यात घालून! पण गूल्डनं पुढं त्यालाच धरून ठेवलं, १९८२ साली मरेपर्यंत.

गूल्डनं १९६४ नंतर मैफली बंद केल्या आणि फक्त ध्वनिमुद्रण ठेवलं. तो रात्रीचा वाजवी. व्हर्न जवळ बसून राही आणि एखादी तार जरा हलली की उठून सारखी करी. पियानो होता सुमारे नऊ फूट लांबीचा स्टाइनवे, क्रमांक सी.डी. ३१८. हलक्या बोटाला लगेच बोलणारा. १९७१ साली तो क्लीव्हलँडहून परत आला तेव्हा उघडून पाहतात तो आतली बिडाची चौकटच तडकलेली! वाटेत कुठेतरी आपटला. कारखान्यानं नवी चौकट घातली, व्हर्ननं पुढं वर्षानुवर्षं त्याच्यावर मेहनत घेतली, पण पहिला गुण काही आला नाही. १९८१ साली गूल्डनं शेवटी दुसरा पियानो घेतला, यामाहा. व्हर्नची एवढी मेहनत वाया गेली का, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "रोजच्या स्वयंपाकाचं काय होतं, आई?" मी गप्प बसले.

व्हर्न २०२० साली वारला, एकोणनव्वदाव्या वर्षी.

आमच्या मुलाची मिळकत अजून बेताची आहे, हेही सांगून टाकते. पावसाळ्यात काम जास्त. आपल्या दमट हवेत लाकडी फळी फुगते, सूर चढतात, पट्ट्या अडकतात. गेल्या श्रावणात एका शाळेच्या हॉलमध्ये मी त्याच्याबरोबर गेले होते. तिसऱ्या तारेत त्यानं लोकरीची पाचर घातली आणि मला म्हणाला, "ऐक, हेलकावे थांबले की सांग." मी डोळे मिटले. बराच वेळ गेला आणि मी म्हटलं, "आता." त्यानं किल्ली अजून जराशी हलवली. "आता," तो म्हणाला. दोन्हीतला फरक मला कळला, ही गोष्ट मी घरी येऊन ह्यांना सांगितली. हे पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

आता आपल्या पेटीविषयी. कोमल धैवत दिवाळीपासून कण्हतोय, म्हणून मी ती मुलाला दाखवली. घरचाच कारागीर, फुकटात होईल असं मला वाटलं. त्यानं भाता सोडून पाहिला आणि म्हणाला, "आई, पेटीचे सूर घासून लावणं हे वेगळं काम. मला येत नाही, मी हात लावणार नाही." तेव्हा पेटी उद्या बाहेर दुरुस्तीला जाते आहे. शुक्रवारचं भजन टाळांवरच होईल, येताना आपापले टाळ घेऊन यावं.